बारा जणांनिशी हरलो, तरी तो निर्णय बरोबर होता

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
ऑस्ट्रेलियन रग्बी लीग कमिशन, सिडनी
यांस,

मी न्यू साऊथ वेल्सची, निळ्या जर्सीची पाठीराखी. ५ जून २०२४ ला स्टेट ऑफ ओरिजिनच्या पहिल्या सामन्यात आमचा संघ अकॉर स्टेडियमवर क्वीन्सलँडकडून ३८-१० असा हरला. आठव्या मिनिटाला आमच्या जोसेफ सुआलीला मैदानाबाहेर काढले आणि उरलेली ७२ मिनिटे आमचे १२ जण त्यांच्या १३ जणांशी खेळले. पुढे मालिका आम्हीच जिंकली. मेलबर्नला मध्यंतरापर्यंतच ३४-० झाले होते आणि ब्रिस्बेनचा निर्णायक सामना १४-४ असा आमचा झाला. तिथे असा सामना आम्ही २००५ नंतर पहिल्यांदाच जिंकला. ढाल घरी आली, पण पहिल्या सामन्याचा वाद काही मिटला नाही. आमच्या लोकांच्या तोंडी आजही एकच वाक्य आहे: तो निर्णय नसता तर आपण तिन्ही सामने जिंकलो असतो. या वाक्यातूनच पुढे मैदानाबाहेर काढण्याचा नियम सौम्य करण्याची मागणी निघते. ती मान्य करू नका, हे सांगायला मी लिहिते आहे.

पत्र मराठीत आहे, कारण हा प्रश्न आमच्या घरांत मराठीतच बोलला जातो. पॅरामॅटा, हॅरिस पार्क, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल या पट्ट्यात भारतीयांची वस्ती दाट आहे आणि त्यात मराठी घरेही पुष्कळ आहेत. पॅरामॅटा ईल्स संघाचे मैदान हॅरिस पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आम्ही आलो ते क्रिकेट घेऊन. आमची मुले शाळेतून येताना रग्बी लीग घेऊन आली. मुलाला टॅकल शिकायला पाठवायचे की नाही, हे आईवडील रात्री जेवताना ठरवतात. त्या ताटांवरचे बोलणे तुमच्या बैठकीच्या खोलीपर्यंत पोहोचावे, अशी माझी इच्छा आहे.

आधी आमच्या लोकांचे म्हणणे नीट मांडते, कारण ते मूर्खपणाचे नाही. पोरगा विशीतला, त्याचा हा पहिलाच ओरिजिन सामना, अंगात रग होती, मुद्दाम कोणी असे करत नाही. हजारो लोकांनी तिकिटाचे पैसे मोजले आणि आठव्या मिनिटाला सामना संपला. दहा मिनिटे सिन बिनमध्ये बसवले असते, नंतर हव्या तेवढ्या सामन्यांची बंदी घातली असती, तर काय बिघडले असते? माझे दीर तर त्या रात्रीपासून एकच धरून बसले आहेत: “वहिनी, शिक्षा त्याला करा ना, बाकीच्या बारांनी काय केलं होतं?”

एक माणूस कमी म्हणजे काय, हे आम्ही त्या रात्री डोळ्यांनी पाहिले. सुमारे ६८ मीटर रुंदीच्या मैदानावर बचावाची फळी लावायची, आणि त्यातला एक सेंटर नाही. मधल्यांनी बाहेर सरकावे तर मध्ये भगदाड, न सरकावे तर कडेला. प्रत्येकाला थोडे जास्त पळावे लागते आणि शेवटच्या वीस मिनिटांत ते ‘थोडे’ फार मोठे होते. त्यांच्या हामिसो ताबुआई-फिडोने तीन ट्राय केले. आमच्या झॅक लोमॅक्सने दोन केले, आणि १२ जणांनी केलेल्या त्या दोन ट्रायचे मोल मला अजून वाटते. ते लढले. त्यांच्याबद्दल एक शब्दही उणा काढायचा नाही.

पण त्या आठव्या मिनिटाला झाले काय? क्वीन्सलँडच्या रीस वॉल्शच्या हातून चेंडू निघून गेला होता. सुआली वेगाने धावत आला, अंग उचलून आदळला आणि त्याचा खांदा थेट वॉल्शच्या चेहऱ्यावर बसला. वॉल्श कोसळला, आणि त्या रात्री तो परत खेळला नाही. सुआलीचा हेतू दुखापत करण्याचा नव्हता, हे मी मनापासून मानते. त्याच्यावर तोंडसुख घेणाऱ्यांशी माझे भांडण आहे. विशीच्या मुलाला खलनायक करून कोणाचे भले होत नाही. पण हेतू नव्हता म्हणून धोका कमी होत नाही. टॅकल करणाऱ्याने किती वेगाने, किती उंचावर जायचे, हे त्याच्याच हातात असते. ज्याच्यावर तो जातो त्याच्या हातात त्या क्षणी काहीच नसते. रेफरी ॲशली क्लाइन यांनी सुआलीला बाहेर काढले. सिडनीत, निळ्या प्रेक्षकांसमोर, एवढ्या मोठ्या सामन्याच्या सुरुवातीलाच. तो निर्णय योग्य होता, आणि हे हरलेल्या बाजूने म्हणायला हवे, म्हणून मी म्हणते.

आता दिरांच्या प्रश्नाकडे. बाकीच्या बारांनी काय केले होते? काही नाही. पण वॉल्शनेही काही केले नव्हते आणि क्वीन्सलँडच्या बाकीच्यांनीही नाही. त्यांचा फुलबॅक गेला. तेव्हा अशा प्रसंगी अठरावा, राखीव खेळाडू उतरवता येत असे हे खरे, पण त्याने वॉल्श परत येत नाही. खेळ सांघिक असेल तर चुकीची किंमतही संघानेच, त्याच सामन्यात, त्याच प्रतिस्पर्ध्याला मोजायची. नंतरच्या बंदीचा फायदा ज्यांना होतो, त्यांचा त्या टॅकलशी काही संबंधच नसतो.

हे तुम्हाला २०२१ मध्येच दिसले आहे. २७ ऑगस्टला रूस्टर्स आणि रॅबिटोज या सिडनीच्या क्लबांच्या सामन्यात लट्रेल मिचेलच्या टॅकलमध्ये जोई मानूच्या गालाचे हाड मोडले. मानूचा मोसम तिथेच संपला. मिचेलला मिळाली फक्त दहा मिनिटे सिन बिन. रूस्टर्स तो सामना ५४-१२ असा हरले. नंतर मिचेलवर सहा सामन्यांची बंदी आली, त्यात तो अंतिम सामन्यालाही मुकला आणि रॅबिटोज पेनरिथकडून १४-१२ असे हरले. म्हणजे मानूच्या मोडलेल्या हाडाचा लाभ झाला तर तो पेनरिथला. रूस्टर्सच्या पदरात काय पडले? प्रशिक्षक ट्रेंट रॉबिन्सन रेफरींवर उघड संतापले, म्हणून त्यांनाच दंड झाला.

आमच्या लोकांची खरी तक्रार इथे आहे, आणि त्या तक्रारीत मी त्यांच्याबरोबर उभी आहे. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिस्बेनच्या मॅजिक राउंडला तुम्ही डोक्यावरच्या आघातांविरुद्ध मोहीम उघडली होती. एका फेरीत तीन जण मैदानाबाहेर आणि चौदा जण सिन बिनमध्ये. केवढा आरडाओरडा झाला तेव्हा! खेळ मेला, असे म्हणणारेही होते. त्याच फेरीत कॅनबेराचा जॉश पापाली बाहेर काढला गेला, तरी कॅनबेराने बुलडॉग्जना २०-१८ असे हरवले. म्हणजे माणूस गेला की सामना गेलाच असेही नाही. पण मे महिन्यातली ती कडक नजर ऑगस्टपर्यंत टिकली नाही, आणि नेमका तेव्हाच मानू जमिनीवर पडला होता. पाठीराखा हे विसरत नाही. तीन वर्षांनी त्याचाच खेळाडू बाहेर काढला गेला की तो विचारतो, मग तेव्हा का नाही? या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर नसल्यामुळेच बरोबर निर्णयसुद्धा त्याला अन्याय वाटतो. जुन्या लोकांना तर याहून जुनी गोष्ट आठवते. २००० च्या ओरिजिनमध्ये रेफरी बिल हॅरिगन यांनी गॉर्डन टॅलिसला बाहेर काढले ते रेफरीला दूषणे दिल्याबद्दल. शब्दांसाठी मैदान सोडायला लावणारा खेळ मोडलेल्या हाडासाठी दहा मिनिटांवर थांबला, हा हिशेब मला कोणी समजावून सांगावा.

या खेळाला सोसण्याचे फार कौतुक आहे. १९७० च्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीचा कर्णधार जॉन सॅटलर सुरुवातीलाच बसलेल्या ठोशाने जबडा मोडूनही शेवटपर्यंत खेळला आणि त्याच्या संघाने मॅनलीला २३-१२ असे हरवले. ही गोष्ट इथल्या पोरांना आजोबा सांगतात, आणि त्या माणसाच्या धैर्यापुढे मीही नमते. पण त्या गोष्टीत ठोसा मारणाऱ्याचे काय झाले, हे कोणी सांगत नाही. रेफरीने त्याला बाहेर काढले नाही. सॅटलर २०२३ मध्ये गेले. अखेरच्या वर्षांत त्यांना स्मृतिभ्रंश होता. त्या आजाराचा संबंध एका ठोशाशी लावण्याचा अधिकार मला नाही. मात्र डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूचे काय होते, हे आता तुमच्यापासून लपलेले नाही. सीटीई हा मेंदूचा आजार माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच पक्का कळतो. रग्बी लीग खेळाडूंच्या मेंदूत तो सापडल्याची पहिली नोंद २०१९ मध्ये झाली. नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजना २०१५ चे विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक आणि माजी खेळाडू पॉल ग्रीन २०२२ मध्ये गेले आणि त्यांच्या मेंदूतही तो गंभीर अवस्थेत आढळला. बॉयड कॉर्डनर हा आमचा, ब्लूजचा कर्णधार. २०२० च्या ओरिजिनच्या पहिल्या सामन्यात डोक्याला मार बसल्यानंतर तो पुन्हा कधी खेळला नाही आणि पुढच्या वर्षी निवृत्त झाला. त्याचा क्लबमधला सोबती जेक फ्रेंड त्याच वर्षी, त्याच कारणाने थांबला. दोघे रूस्टर्सचे. मानू रूस्टर्सचा, आणि त्या रात्री सुआलीही रूस्टर्सचाच होता. आघात करणारा आणि सोसणारा एकाच ड्रेसिंग रूममधून निघतात. मैदानाबाहेर काढण्याचा हा नियम दोघांनाही वाचवतो.

काही जण रग्बी युनियनकडे बोट दाखवतात. तिथे वीस मिनिटांच्या लाल कार्डाचा प्रयोग झाला: खेळाडू कायमचा बाहेर, पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येतो आणि संघ पूर्ण होतो. ऐकायला न्याय्य वाटते. पण हिशेब करून पाहा. प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत धोकादायक फुलबॅक पूर्ण सामन्यासाठी गेला आणि त्याची किंमत एक माणूस, वीस मिनिटे. कोणताही प्रशिक्षक खेळाडूला तसे कर म्हणून सांगणार नाही, याची मला खात्री आहे. पण टॅकलची उंची शिकवताना, सराव करून घेताना, किंमत जितकी जड तितकी काळजी जास्त घेतली जाते. एका चुकीने ७२ मिनिटे जातात हे माहीत असेल, तर प्रशिक्षक मंगळवारच्या सरावातच खांदा खाली आणायला लावेल. तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे: त्या रात्रीचा सामना रेफरीने बिघडवला नाही, टॅकलने बिघडवला.

मी सांगलीत कबड्डी पाहत वाढले. तिथेही एकावर अनेक जण तुटून पडतात, घोटा धरतात, मांडी धरतात, कमरेला विळखा घालतात, साखळी करून दाबतात. पण चढाई करणाऱ्याचे तोंड दाबले किंवा गळा आवळला की तो नियमभंग. आमच्या मातीतल्या त्या खेळाची रग एवढ्याने कधी कमी झाली नाही. रग्बी लीगचीही होणार नाही.

तेव्हा मागणे असे आहे. मैदानाबाहेर काढणे म्हणजे उरलेल्या पूर्ण वेळासाठी, बदली न देता. हे आहे तसेच ठेवा. पण ते कृती पाहून वापरा, दुखापत पाहून नव्हे. वेगाने आलेला खांदा डोक्यावर आदळला आणि सुदैवाने पडलेला खेळाडू हसत उठला, तरी तो टॅकल तोच आहे. रक्त दिसेपर्यंत वाट पाहणारा रेफरी आम्हाला नको, आणि व्हिडिओ पाहणाऱ्या बंकरमध्ये बसलेला अधिकारीही नको. मार्चमधल्या साध्या सामन्याला आणि ऑक्टोबरमधल्या अंतिम सामन्याला एकच माप लावा. इंग्लंडमध्ये हे झालेले आहे: २०१४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, दुसऱ्याच मिनिटाला, ठोसे मारल्याबद्दल विगनच्या बेन फ्लॉवरला बाहेर काढले. १२ जणांचा विगन सेंट हेलेन्सकडून १४-६ असा हरला आणि फ्लॉवरवर सहा महिन्यांची बंदी आली. तिथला खेळ बंद पडला नाही. शिवाय असा प्रत्येक निर्णय, दिलेला आणि न दिलेलाही, दुसऱ्या दिवशी चार सोप्या वाक्यांत कारणांसह जाहीर करा. आमच्या भांडणांपैकी निम्मी त्याने तरी थांबतील.

पुढच्या ओरिजिनला मी पुन्हा निळी जर्सी घालून येणार आहे. आमच्या खेळाडूने कोणाच्या डोक्यावर असा आघात केला, तर त्याला बाहेर काढा. आम्ही ओरडू, रेफरीला नावे ठेवू, घरी जाईपर्यंत भांडू. त्या ओरड्याला घाबरून नियम बदलू नका.

आपली,
पश्चिम सिडनीतील एक पाठीराखी आणि आई