दोन गळे, एक गिटार आणि खाणीची साक्ष

साध्या गाण्याकडे प्रस्थापितांनी नेहमी दोनच नजरांनी पाहिले आहे. एक नजर तुच्छतेची: वाद्यमेळ नाही, तयारी नाही, म्हणजे हे अडाण्यांचे गाणे. दुसरी नजर कौतुकाची: किती निरागस, किती मातीतले! वरवर पाहता या दोन नजरा परस्परविरोधी वाटतात. परंतु दोन्ही एकच गोष्ट टाळतात. गाणारा काय सांगतो आहे, हे त्या ऐकत नाहीत. अमेरिकेतील हेझल डिकन्स आणि अ‍ॅलिस जेरार्ड या गायिकांच्या जोडीच्या वाट्याला या दोन्ही नजरा आल्या. आम्ही व्यवसायाने वकील आहोत, संगीताचे जाणकार नाही. तरीही या दोघींविषयी चळवळीच्या वाचकांशी बोलावेसे वाटते. कारण त्यांच्या गाण्यात आम्हाला जे सापडले, त्याचा संगीताइतकाच पुराव्याच्या कायद्याशी संबंध आहे.

हेझल डिकन्स ही वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मर्सर काउंटीची. हा अ‍ॅपलाचिया डोंगररांगांमधला कोळसा खाणींचा मुलूख. घरात अकरा भावंडे. वडील खाणींना लागणारे लाकूड वाहून नेत, बँजो वाजवत आणि प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथाच्या चर्चमध्ये उपदेश करत. या पंथाच्या प्रार्थनेत वाद्यांना स्थान नाही. सगळी मंडळी नुसत्या गळ्याने गातात. हेझलच्या गाण्यातील मोकळेपणाचा उगम इथे आहे. तिने साधेपणा शैली म्हणून निवडला नव्हता. वाद्याचा आधार न घेता ताठ उभे राहून गायचे असते, हे ती लहानपणीच शिकली होती.

पुढे पोटासाठी हे कुटुंब बाल्टिमोर शहरात आले. हेझलने तिथे कारखान्यांत काम केले. शहरातील लोक डोंगरातून आलेल्या या मजुरांना ‘हिलबिली’ म्हणून हिणवत. त्यांचे हेल, त्यांचे कपडे, त्यांचे गाणे, सगळेच टिंगलीचा विषय. याच शहराजवळच्या क्षयरोग रुग्णालयात हेझलचा एक भाऊ उपचार घेत होता. सैन्यात जाण्यास सदसद्विवेकाच्या कारणाने नकार दिलेला माइक सीगर हा तरुण संगीतकार तिथे पर्यायी सेवा करत होता. त्याच्यामुळे डिकन्स भावंडांची शहरातील लोकसंगीताच्या मंडळींशी ओळख झाली. त्याच वर्तुळात अ‍ॅलिस जेरार्ड होती. ती कॅलिफोर्नियात वाढलेली आणि ओहायोतील अँटिऑक कॉलेजात शिकलेली. एक कारखान्यातली कामगार, दुसरी कॉलेजात शिकलेली. या दोघींनी एकत्र गायला सुरुवात केली.

त्या काळचे कंट्री संगीत कसे होते, हेही पाहिले पाहिजे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून नॅशव्हिलच्या कंपन्यांनी फिडल आणि बँजो मागे सारले. त्यांच्या जागी व्हायोलिनचा ताफा आणि गुळगुळीत कोरस आणला. गावाकडचा वास येऊ नये, शहरी ग्राहकाने रेकॉर्ड घ्यावी, हा त्यामागचा हिशेब. दुसरीकडे ब्लूग्रास हा जलद गतीचा प्रकार जवळजवळ संपूर्णपणे पुरुषांच्या हाती होता. अशा वेळी १९६५ साली या दोघींचा ‘हूज दॅट नॉकिंग’ हा पहिला अल्बम आला. बाईने पुढे उभे राहून ब्लूग्रास गायचे, हेच त्या काळी नवल होते. त्यात साथीला इतर वादक होते. १९७३ च्या ‘हेझल अँड अ‍ॅलिस’ या अल्बमपर्यंत मात्र पुष्कळशी साथ गळून पडली. अनेक जागी दोन गळे आणि एखादे वाद्य, एवढेच उरले. त्यातील ‘प्रिटी बर्ड’ हे गाणे हेझल एकटी, एकाही वाद्याशिवाय गाते. १९६५ ते १९६९ या काळात सरावासाठी केलेल्या त्यांच्या टेप २०१८ साली प्रसिद्ध झाल्या. त्यात तर दोन माणसे घरात बसून गात आहेत, एवढेच ऐकू येते. हेझलचा चढा, धार असलेला आवाज अ‍ॅलिसच्या आवाजावर येऊन बसतो. कोणी कोणाला झाकत नाही. दोन आवाज सारखे व्हावेत म्हणून तासलेले नाहीत.

आता काही जण म्हणतील, हे गोऱ्यांचे संगीत. त्याच्याशी आपला काय संबंध? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर इतिहासातून दिले पाहिजे. ज्या बँजोला गोऱ्या डोंगराळ माणसाची ओळख समजले जाते, त्या बँजोचे मूळ आफ्रिकेत आहे. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ते अमेरिकेत घडवले. १९२७ साली पहिल्यांदा रेकॉर्ड झालेल्या ज्या कार्टर फॅमिलीकडून हेझल आणि अ‍ॅलिस गाणी शिकल्या, त्या कुटुंबासोबत लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक गावोगाव फिरून गाणी गोळा करत असे. ए. पी. कार्टर शब्द उतरवून घेई, रिडल चाली लक्षात ठेवी. रेकॉर्डवर नाव मात्र कार्टर कुटुंबाचे. साधेपणाचे गोडवे गाताना हा हिशेबही मांडलाच पाहिजे.

या जोडीचे मोठेपण असे की त्या या प्रश्नापासून पळाल्या नाहीत. १९६६ साली अ‍ॅन रोमेन ही गोरी कार्यकर्ती आणि बर्निस जॉन्सन रीगन ही नागरी हक्क चळवळीतील काळी गायिका यांनी एक दौरा उभा केला. वर्णभेद मुरलेल्या दक्षिणेकडील राज्यांत काळे आणि गोरे कलावंत एकाच मंचावर गाऊ लागले. हेझल आणि अ‍ॅलिस या दौऱ्यांत सामील झाल्या. दक्षिणेत एका मंचावर बसणे हीच तेव्हा राजकीय कृती होती, हे या वृत्तपत्राच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोळशाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुस निकामी होते. खाणकामगार त्याला ‘ब्लॅक लंग’, म्हणजे काळे फुप्फुस म्हणत. ब्रिटनने १९४३ सालीच कोळसा कामगारांच्या या रोगाला नुकसानभरपाईच्या कक्षेत आणले होते. अमेरिकेत मात्र कंपन्यांचे डॉक्टर सांगत राहिले की हा दमा आहे, हा सिगारेटचा परिणाम आहे, कोळशाच्या धुळीने काही होत नाही. कामगार म्हणे, श्वास घेता येत नाही. डॉक्टर म्हणे, एक्स-रेमध्ये दिसत नाही. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर पुराव्याचा सगळा भार त्या माणसावर होता, ज्याला दोन वाक्ये बोलायलाही दम पुरत नव्हता.

२० नोव्हेंबर १९६८ रोजी वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टन येथील खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मेले. त्यानंतर संताप उसळला. डॉ. बफ, डॉ. रासमुसेन यांच्यासारखे मोजके डॉक्टर कामगारांच्या बाजूने सभा घेत फिरू लागले. फेब्रुवारी १९६९ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे ४०,००० खाणकामगार उतरले. ३० डिसेंबर १९६९ रोजी कोळसा खाण आरोग्य व सुरक्षा कायद्यावर अध्यक्ष निक्सन यांची सही झाली. या कायद्याने एक गृहीतक घातले: दहा वर्षे खाणीत काम केलेल्या माणसाला हा रोग असेल, तर तो खाणीतल्या कामामुळेच झाला असे मानावे, तसे नसेल तर समोरच्याने ते सिद्ध करावे. १९७२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. केवळ एक्स-रेमध्ये रोग दिसत नाही, एवढ्या कारणावर दावा फेटाळण्यास मनाई झाली. वकील म्हणून आम्हाला यात मोठा विजय दिसतो. कायद्याने प्रथमच कामगाराच्या श्वासावर विश्वास ठेवला.

कायद्यावर सही झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबरच्या पहाटे, खाणकामगार युनियनमधील भ्रष्टाचाराविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले जोसेफ याब्लॉन्स्की यांचा पत्नी आणि मुलीसह घरात खून झाला. हा खून करवल्याबद्दल युनियनचा अध्यक्ष टोनी बॉइल पुढे दोषी ठरला. शत्रू केवळ मालकाच्या बंगल्यात असतो असे नाही. तो संघटनेच्या खुर्चीवरही बसलेला असू शकतो. १९७२ साली न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली. नव्याने झालेल्या निवडणुकीत ब्लॅक लंगच्या लढ्यातून पुढे आलेला आर्नॉल्ड मिलर अध्यक्ष झाला.

हेझलची गाणी या घटनांच्या मधोमध उभी आहेत. खाणीत काम करून या रोगाने गेलेल्या थर्मन या आपल्या भावावर तिने ‘ब्लॅक लंग’ हे गाणे लिहिले. फार्मिंग्टनच्या स्फोटावर तिने गाणे केले, याब्लॉन्स्कीच्या खुनावरही केले. ‘ब्लॅक लंग’ ती वाद्याविना गाते. ते ऐकताना आम्हाला कळले की तिथे वाद्य का नको. न्यायालयात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा वकिलाने गप्प बसायचे असते. त्याचे शब्द, त्याचे अडखळणे, त्याचा श्वास, हाच पुरावा असतो. त्यावर आपली भाषा चढवली की साक्ष कमजोर होते. फुप्फुस गेलेल्या माणसाची हकिगत व्हायोलिनच्या ताफ्यावर सांगितली असती, तर ऐकणाऱ्याने डोळे पुसले असते आणि तो झोपी गेला असता. उघड्या आवाजात ती ऐकताना पळायला जागा राहत नाही.

गाण्याने कायदा झाला असे आम्ही म्हणणार नाही. कायदा संपाने झाला, मेलेल्यांच्या संख्येने झाला. परंतु कायदा काढूनही घेता येतो. १९७२ साली पंधरा वर्षे काम केलेल्यांसाठी घातलेले एक गृहीतक १९८१ साली नव्या दाव्यांसाठी रद्द झाले आणि २०१० साली पुन्हा आले. मधली एकोणतीस वर्षे कामगारांनी काय करायचे होते? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी संशोधनात आढळले की मध्य अ‍ॅपलाचियात पंचवीस वा अधिक वर्षे काम केलेल्या पाच खाणकामगारांपैकी एकाला हा रोग होता. म्हणजे कायदा कागदावर होता आणि धूळ छातीत जातच होती. अशा काळात आठवण जिवंत ठेवण्याचे काम गाणे करते. कायद्याची कलमे बदलली तरी साक्ष बदलत नाही.

या साक्षीत बाई कुठे आहे, हेही या दोघींनी विचारले. दारूच्या गुत्त्यात बसलेल्या बाईला नावे ठेवणाऱ्या पुरुषाला ‘तिला तिथे पोचवण्यात तुझाही हात आहे’ असे सुनावणारे गाणे हेझलने लिहिले. पुरुषाच्या मापाने घडवलेल्या बाईपणाचा उपहास अ‍ॅलिसने केला. केंटकीतील हार्लन काउंटीत १९७३-७४ साली संप झाला. न्यायालयाने निदर्शक कामगारांच्या संख्येवर मर्यादा घातली, तेव्हा त्यांच्या बायका रस्ता अडवून उभ्या राहिल्या. या लढ्यावर बार्बरा कॉपल यांनी केलेल्या माहितीपटाला १९७७ साली ऑस्कर मिळाले. त्यात हेझलचा आवाज आहे.

राहिला एक अवघड प्रश्न: दुसऱ्याचे दुःख कोणी गावे? अ‍ॅलिसने खाणीच्या मुलखाचे आयुष्य काढले नव्हते. आमच्या मते तिने योग्य मार्ग धरला. ती हेझलची जागा घ्यायला गेली नाही, हेझलची भाषा सुधारायलाही गेली नाही. ती शेजारी उभी राहिली आणि स्वतःच्या आयुष्यावर स्वतःची गाणी लिहिली. १९७६ साली ही जोडी विभक्त झाली. अ‍ॅलिसने १९८७ साली जुन्या लोकसंगीताला वाहिलेले मासिक सुरू केले. हेझल २०११ साली वारली, तोपर्यंत कामगारांच्या मंचावर गात राहिली. २०१७ साली दोघींचा ब्लूग्रासच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. ज्या आवाजाची टिंगल झाली, त्याचा सन्मान व्हायला अर्धे शतक लागले.

परिवर्तनवादी वकिलांनी आणि कलावंतांनी यातून एक गोष्ट घ्यावी, असे आम्हाला वाटते. दाव्याच्या कागदात पीडिताचे शब्द आमच्याच हातून बदलतात. गाण्यात ते वाद्यांच्या गलक्यात बुडतात. दोन्हीकडे माणूस बोलत असताना आपला आवाज खाली आणायला शिकले पाहिजे. एखादा कामगार धापा टाकत काही सांगत असेल, तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे आणि ते जसेच्या तसे टिपून ठेवावे. उद्या कायदा काढून घेतला गेला, तर पुन्हा लढायला तेच वाक्य हाताशी असेल.