वाचावे सर्वांनी, लिहावे धनिकांनी!

ज्ञान सर्वांचे आहे, ते कुलपात ठेवू नये, असे व्यासपीठावरून म्हटले की टाळी हमखास पडते. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने नेमके हेच म्हटले. शास्त्रीय संशोधन जगातील कोणालाही विनामूल्य वाचता आले पाहिजे, ही ती मागणी. तिला ‘ओपन ॲक्सेस’ हे नाव मिळाले, आणि टाळीही मिळाली. ती योग्यच होती. संशोधन नियतकालिकांच्या भरमसाट वर्गणीपायी आपल्या साध्या महाविद्यालयांची कपाटे रिकामी राहत होती. आज त्यातले पुष्कळसे लेखन घरबसल्या वाचता येते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या उदारपणाचे बिल कोणाच्या नावावर फाडले गेले, याबद्दल!

व्यापारी प्रकाशकांनी एक सोपी युक्ती केली. वाचकाकडून घ्यायचे पैसे ते लेखकाकडून मागू लागले. माल बाजारात फुकट वाटायचा, आणि पैसे मात्र तो पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडून वसूल करायचे, असा हा व्यवहार! बरे, लेख लिहिणाऱ्याला मानधन नाही. तो तपासून देणाऱ्या तज्ज्ञालाही बहुधा नाही. ‘नेचर’ने २०२० च्या नोव्हेंबरात लेख खुला ठेवण्याचा दर जाहीर केला, तो ९,५०० युरो. त्या वेळच्या भावाने आठ लाख रुपयांहून अधिक. आपल्याकडे नव्याने लागलेल्या साहाय्यक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार दरमहा ५७,७०० रुपये. म्हणजे एका लेखापायी त्याने चौदा महिने उपाशी राहावे! सर्वच नियतकालिके इतकी महाग नसतात, हे खरे. पण दोन-तीन हजार डॉलर मागणारी पुष्कळ आहेत, आणि तीही त्याच्या आवाक्यातली नव्हेत.

परिणाम काय झाला? एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेने काही नियतकालिकांच्या जुळ्या आवृत्त्या काढल्या होत्या. संपादक मंडळ तेच, कसोटी तीच; फरक एवढाच, की जुळ्या आवृत्तीतला प्रत्येक लेख खुला आणि त्याचे शुल्क लेखकाच्या माथी. अशा ३७,००० हून अधिक लेखांची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. खुल्या लेखांच्या लेखकांत देशांची विविधता कमी, आणि बहुतेक लेखक श्रीमंत देशांतले, असे तीत आढळले. कसोटी तीच असताना माणसे बदलली, तर ही चाळणी गुणांची की पैशाची?

‘गरिबांना सवलत आहे ना!’ असे यावर सांगण्यात येते. आहे, पण ती देश पाहून दिली जाते. भारताची एकूण अर्थव्यवस्था मोठी, म्हणून अनेक प्रकाशकांच्या सवलतीच्या यादीत भारत बसत नाही. वजन करायचे देशाच्या तिजोरीचे, आणि बिल ठेवायचे गडचिरोलीच्या प्राध्यापकाच्या हाती, हा कुठला न्याय?

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. महाडच्या परिसरात विंचूदंशाने तडफडून माणसे मरत होती. या खेड्यातल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे टिपली, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि त्यांचे लेख १९८० च्या दशकात लंडनच्या ‘लॅन्सेट’ने छापले. त्या काळी अशी नियतकालिके वर्गणीवर चालत. आज असाच एखादा डॉक्टर शुल्क मागणाऱ्या नियतकालिकाच्या दारी गेला, तर त्याला आधी पाकीट दाखवावे लागेल. कोकणातल्या विंचवाचे औषध शोधायला लंडनहून कोण येणार होते?

केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. वाचनाची सोय झाली, उत्तम! छपाईच्या शुल्कासाठीही वर्षाला १५० कोटींपर्यंत तरतूद आहे. पण ‘नेचर’च्या दराने एवढ्या रकमेत दोन हजार लेखही बसत नाहीत, आणि भारतातून वर्षाला लाखाहून अधिक शास्त्रीय लेख निघतात. शिवाय हा पैसाही शेवटी शुल्क मागणाऱ्यांच्याच गल्ल्यात!

दुसरी वाट नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. ब्राझीलमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या ‘सायेलो’ने सार्वजनिक पैशाच्या आधारावर लॅटिन अमेरिकेतील शेकडो नियतकालिके खुली केली, त्यांतील पुष्कळ लेखकाकडून छदामही घेत नाहीत. इतक्या लांब तरी कशाला जावे? परळच्या के. ई. एम. रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ बुडापेस्टच्या जाहीरनाम्याच्या सुमारासच वाचकांना फुकट खुले झाले, आणि तेही लेखकाचा खिसा न कापता. सरकारने आपल्या विद्यापीठांच्या आणि विद्वत्सभांच्या अशा नियतकालिकांना पोसावे, आणि बढती देताना त्यांतील लेखांना परदेशी लेखांइतकाच मान द्यावा. मग प्राध्यापक कर्ज काढून परक्या दारी जाणार नाहीत.

ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली, ती सर्वांना कळावी म्हणून. पण वारकरी पंथाचे मोठेपण तेवढ्यावर थांबले नाही. जनाबाईने जात्यावर, सावत्याने मळ्यात, चोखोबाने देवळाबाहेर अभंग रचले, आणि ते ज्ञानदेवांच्या अभंगांशेजारी जाऊन बसले. ऐकण्याचा हक्क देणारे पुष्कळ भेटतात. बोलण्याचा हक्क देताना मात्र हात आखडतो. आजच्या ओपन ॲक्सेसने चोखोबाला कीर्तन ऐकायला मोठ्या मानाने बोलावले आहे. त्याने स्वतःचा अभंग म्हणायचा म्हटले, की त्याच्यापुढे आठ लाखांचे बिल!