उमेदवारीचे दोन अर्थ

‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून मराठीत आला तो ‘आशा बाळगणारा’ हा अर्थ घेऊन. पुढे मराठीत त्याला दोन वाटा फुटल्या: निवडणुकीस उभा राहणारा तो उमेदवार, आणि जाणत्याच्या हाताखाली काम शिकणारा तोही उमेदवारच. इंग्रजी प्रतिशब्दाच्या मुळाशी मते मागणाऱ्या रोमन पुढाऱ्याचा शुभ्र वेष आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ज्या प्राथमिक निवडणुकांतून ठरतात, त्यांचे मर्म जाणण्यास मराठी शब्द अधिक उपकारक आहे, असे मला वाटते.

१९६८ साली ह्यूबर्ट हंफ्री यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. तरीही शिकागोच्या अधिवेशनाने डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी त्यांनाच दिली. त्या असंतोषातून मॅक्गव्हर्न–फ्रेझर आयोग जन्मला आणि निवडीची सूत्रे पक्षधुरीणांकडून मतदारांकडे गेली. १९७२ साली स्वतः मॅक्गव्हर्न या नव्या नियमांनी उमेदवार झाले आणि ५० पैकी ४९ राज्यांत हरले. तेव्हा १९८२ च्या हंट आयोगाने लोकप्रतिनिधी व पदाधिकारी यांना अधिवेशनात पदसिद्ध मत दिले. २०१८ साली पक्षाने पहिल्या फेरीपुरते त्या मताचे निर्णायकत्व काढून घेतले.

हा शेवटचा निर्णय मला अनुचित वाटतो. प्राथमिक निवडणूक मते मिळविण्याचे कौशल्य पारखते. राज्य चालविण्याचे कौशल्य सहकाऱ्यांनाच जवळून दिसते. केवळ जाणत्यांनी निवडावे, तर १९६८ ची पुनरावृत्ती होते; केवळ जनतेने निवडावे, तर उमेदवारीतील शिकण्याचा अर्थ लोपतो. २०२४ मध्ये तर प्राथमिक निवडणुका आटोपल्यावर, २१ जुलैला, जो बायडन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस यांची निवड प्रतिनिधींनीच केली. जाणत्यांचा विवेक संकटकाळी पुन्हा हाती घ्यावाच लागला. मग तो एरवी नियमांत सन्मानाने का असू नये?

आपल्याकडे लोक ‘उमेदवारी’पेक्षा ‘तिकीट’ हा शब्द सहज वापरतात. तिकीट मिळते, कापले जाते, वाटले जाते. ते देणाऱ्याचा हात मात्र दिसत नाही. अमेरिकेतील वाद जनता आणि जाणते यांच्या वाट्याविषयी आहे. आपल्या पक्षांत बहुधा दोघांनाही वाटा नाही. भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. राज्यशास्त्राने आता तिच्याकडून शिकावे.