सत्त्वावजयाची नोंद कोण ठेवणार?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा सांगितली आणि अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह हे सत्त्वावजयाचे स्वरूप स्पष्ट केले. शोक, भय, क्रोध इत्यादींमुळे उत्पन्न होणाऱ्या मनोविकारांत परस्परविरोधी भावांची योजनाही उन्मादचिकित्सेत वर्णिली आहे. परिसंवादांतून हे संदर्भ आपण अभिमानाने देतो. तथापि रुग्णाशी नेमका काय संवाद झाला, किती वेळा झाला आणि त्यामुळे किती उपशम मिळाला, याची लेखी नोंद किती चिकित्सालयांत आढळेल?

पदव्युत्तर प्रबंधांत औषधाची मात्रा, अनुपान व काल काटेकोरपणे लिहिलेले असतात. सत्त्वावजय मात्र पुष्कळदा ‘समुपदेशन केले’ एवढ्या एका ओळीत आटोपतो. त्यावरून दुसऱ्या वैद्यास तोच उपचार करता येत नाही. उलट, वर्षानुवर्षे रुग्णांना धीर देणाऱ्या अनुभवी वैद्याचे कौशल्य अलिखित राहून त्याच्यासमवेतच लोप पावते.

संवादरूप चिकित्सा मोजता येत नाही, हा समज आता टिकण्याजोगा नाही. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी ६ ते ८ भेटींत रुग्णांना हितकर कृतींकडे पुन्हा वळविले. ३ महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्णांचा आजार शमला. नेहमीची सेवाच मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

आम्हांस यातील दुसरा आकडा अधिक विचारप्रवर्तक वाटतो. विशेष समुपदेशनाविनाही इतके रुग्ण सुधारत असतील, तर ‘माझे रुग्ण बरे झाले’ हा अनुभव पुरेसे प्रमाण ठरत नाही. शिवाय बरा झालेला रुग्ण भेटावयास येतो. न सुधारलेला निमूटपणे अन्यत्र जातो आणि आपल्या स्मरणातून गळतो.

प्रत्येकाची प्रकृती व सत्त्व भिन्न असता सर्वांना एका साच्यात कसे बसवावे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु नोंद चिकित्सेला बांधून ठेवत नाही. विमानस्थानातील प्रवर, मध्यम व अवर सत्त्व हा भेद प्रत्येक रुग्णपत्रिकेत लिहिला, तर कोणाला कोणता उपाय उपयुक्त ठरला हे कळू शकेल.

यासाठी फार साधनांची आवश्यकता नाही. नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची ‘पीएचक्यू-९’ प्रश्नावली प्रत्येक भेटीत भरावी. त्यासोबत सत्त्वपरीक्षण, दिलेला उपदेश व चालू औषधे लिहावीत. तिचा नववा प्रश्न आत्मघाताच्या विचारांविषयी आहे. त्यास होकार मिळाल्यास अधिक विचारपूस करून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. रुग्णांच्या संमतीने व नावे वगळून अशा पत्रिका महाविद्यालयांकडे पोहोचाव्यात. तेथील अध्यापकांनी त्यांतून प्रबंधांचे विषय निवडावेत आणि निष्कर्ष पुन्हा वैद्यांपर्यंत आणावेत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तरांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. या मान्यतेसमवेत उत्तरदायित्वही आले आहे. ग्रंथाधार आपल्यापाशी आहेच. आता रुग्णपत्रिकेचाही आधार त्याला लाभावा, अशी आमची वैद्यवर्गास विनंती आहे.