भावाची पाटी लावा

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा, ताई, दाजी आणि दहा वर्षांची भाची असे सगळे साताऱ्याहून माझ्याकडे स्टुटगार्टला येणार होते. भाचीला थीम पार्क बघायचं होतं. "बाकीचा खर्च तू करतोयस, पार्क माझ्याकडून," असं म्हणत ताईने परस्पर बुकिंग करून टाकलं. ताई शाळेत शिकवते. दोन वर्षं भिशीत टाकलेले पैसे होते ते. पार्कची अधिकृत वेबसाइट, सहा माणसं, दोन रात्री, १ लाख ३२ हजार रुपये. रद्द केलं तर परतावा नाही.

दोन दिवसांनी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारताना मी सहज तीच वेबसाइट उघडली, पण ते पार्क ज्या देशात आहे त्या देशाच्या आवृत्तीत. तीच हॉटेलची खोली, त्याच तारखा, तोच नाश्ता. युरोचे रुपये करून आकडा आला १ लाख ८ हजार. ताईला म्हटलं, तू परत उघडून बघ. तिच्या फोनवर अजूनही १ लाख ३२ हजारच दिसत होते. एकच खोली, एकच मिनिट, २४ हजारांचा फरक.

ताई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अरे, मी अधिकृत साइटवरूनच घेतलं ना? मग माझं काय चुकलं?" मागून दाजी म्हणाले, "आपल्याला जुगाड जमत नाही, दुसरं काय!"

दाजींवर माझा राग नाही. त्यांच्या त्या वाक्यावर आहे. कारण आपण सगळेच तसं बोलतो. परदेशी साइटवरून स्वस्तात बुकिंग केलं की तो हुशार, आणि जिथे नेऊन सोडलं तिथेच पैसे भरले की तो बावळट. भाव लपवणारा या गोष्टीत कुठेच नसतो.

हा भाव लपतो कसा, ते मला चांगलं माहीत आहे. तुमच्या फोनचा आयपी पत्ता, भाषा, चलन यांवरून तुमचा देश ठरतो आणि देशावरून तुम्हाला दिसणारा आकडा. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत प्रवास-बुकिंगच्या एका सॉफ्टवेअरमध्ये असा कोड मी स्वतः लिहिला आहे. आम्ही त्याला 'मार्केट रूल' म्हणायचो. टेस्टिंग करताना देश बदलायचा, आकडा बदलतोय ना ते बघायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. त्या आकड्याच्या पलीकडे कुणाची तरी भिशी असेल, हे आमच्या एकाही टेस्ट केसमध्ये नव्हतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेही कबूल करतो.

हे एकट्या ताईचं रडगाणं नाही. जुलै २०१५ मध्ये 'फायनान्शिअल टाइम्स'ने डिस्नीलँड पॅरिसबद्दल बातमी दिली होती. एका पॅकेजसाठी फ्रेंच ग्राहकाला १,३४६ युरो, ब्रिटिश ग्राहकाला १,८७० युरो आणि जर्मन ग्राहकाला २,४४७ युरो पडत होते. पार्क तेच, पण जर्मन कुटुंबाला जवळपास दुप्पट दाम. तक्रारी युरोपीय आयोगापर्यंत गेल्या, आणि २०१६ साली कंपनीने बुकिंगच्या पद्धतीत बदल केले. म्हणजे ग्राहक बोलले तर फरक पडतो. जुगाड करून गप्प बसले तर पडत नाही.

यावर लोक म्हणतील, हा धंदा आहे. प्रत्येक देशाच्या शाळेच्या सुट्ट्या वेगळ्या, सवलतीचे हंगाम वेगळे, म्हणून भावही वेगळे. मान्य. आपणही तेच करतो की. वेरूळची लेणी बघायला भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पर्यटकाला ६०० रुपये तिकीट आहे. पंधरापट! पण वेरूळला दोन्ही आकडे एकाच पाटीवर असतात. परदेशी पाहुण्याला आपण किती जास्त देतोय आणि का, हे कळतं. त्याला वाद घालता येतो, पाठ फिरवून परतही जाता येतं. ताईला असा पर्याय कुणी दिला? तिच्यासमोर एकच आकडा होता, आणि तोच जगाचा भाव आहे असं तिने धरून चालावं, अशीच त्या पानाची रचना होती. भाव वेगळा असण्याबद्दल माझी तक्रार नाही. तो चोरून वेगळा ठेवण्याबद्दल आहे.

दुसरा सल्ला असा, की मग सरळ परदेशी साइटवरून घ्या ना! जरूर घ्या, त्यात अनैतिक काही नाही. दुकानाची चार दारं असतील तर कुठल्याही दारातून जावं. फक्त खोटा पत्ता देऊ नका. 'स्थानिक रहिवाशांसाठी' अशी उघड लिहिलेली सवलत त्यांचीच आहे. पण हे दार गाठायला काय काय लागतं तेही बघा. परकी भाषा वाचता यायला हवी, निदान रद्द करण्याच्या अटी तरी. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डचे परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करावे लागतात. पैसे भरताना "रुपयांत भरायचे का?" असा आपुलकीचा प्रश्न येतो. हो म्हटलं की दर बहुधा महाग लागतो. शिवाय बरीच कार्डं परकीय चलनाच्या व्यवहारावर दोन-साडेतीन टक्के कापतात आणि त्या शुल्कावर जीएसटी वेगळा. हे सगळं माझ्यासारख्याला जमतं. म्हणजे ज्याला मुळात ते पैसे वाचवायची निकड कमी आहे, त्याचेच वाचतात. भिशीतून बुकिंग करणारी पूर्ण भाव भरते. जुगाड हा गरिबाचा उपाय आहे असं आपण मानतो. इथे तो माहितगाराचा विशेषाधिकार झालाय.

कायद्याची गंमत तर पुढेच आहे. युरोपीय संघाचा जिओ-ब्लॉकिंगविरोधी नियम ३ डिसेंबर २०१८ पासून लागू आहे. संघात राहणाऱ्या ग्राहकाला दुसऱ्या सदस्य देशाच्या आवृत्तीवर जायला विक्रेता अडवू शकत नाही, आणि हॉटेल किंवा पार्कसारख्या सेवा त्याला स्थानिकांच्याच अटींवर मिळायला हव्यात. प्रत्येक आवृत्तीवर एकच भाव ठेवा, असं मात्र तो नियम म्हणत नाही. तरी निदान दार उघडं राहतं. मी स्टुटगार्टला राहतो म्हणून ते दार मला कायद्याने उघडं आहे. ताई साताऱ्यात राहते म्हणून तिला नाही. एका आईची दोन मुलं, पण ग्राहक म्हणून दोन जातींची.

आणि आपल्याकडे? ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई करणं, कार्टमध्ये हळूच वस्तू सरकवणं, शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवणं असे तेरा प्रकार त्यात आहेत. चांगलं काम आहे. पण देश बघून गुपचूप बदललेला भाव हा त्या तेरांत नाही. चौदावा म्हणून तो घालायला हवा.

माझी मागणी फार मोठी नाही. सगळ्यांना एकच भाव द्या, असं मी म्हणत नाही. बुकिंगच्या बटणावर एक ओळ लिहा: 'ही किंमत भारतातल्या ग्राहकांसाठी आहे. इतर देशांच्या किमती इथे पाहा.' बस्स. यात तांत्रिक अडचण आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. देश ओळखून भाव बदलणारा कोड आधीच लिहिलेला असतो. तोच देश पानावर छापायला अर्धा दिवस पुरतो.

हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे कोड लिहिणारे बरेच असतील. पुढच्या वेळी 'मार्केट रूल'चं काम तुमच्याकडे आलं, तर मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारा: हा भाव वेगळा आहे, हे ग्राहकाला कुठे दिसणार? नोकरी जाणार नाही. फार तर दोन मिनिटं शांतता पसरेल. मी तो प्रश्न विचारला नव्हता.

पार्क छान होतं. भाची एकाच पाळण्यात पाच वेळा बसली. रांगेत पुढे उभ्या असलेल्या स्थानिक कुटुंबाकडे बघून ताई हळूच म्हणाली, "यांनी किती भरले असतील रे?" मी विषय बदलला. उत्तर आत्ता देतो. ताई, तुझं काहीच चुकलं नाही. पाटी लावायचं काम त्यांचं होतं. आणि थोडं माझंही.