भावनांची नावे आणि गोष्टीतले मौन

लहान मुलांना बायबलमधील गोष्टी सांगताना अलीकडे भावना आणि मैत्री यांवर भर दिला जातो. वचने पाठ करून घेण्याबरोबरच 'या वेळी दाविदाला काय वाटले असेल?', 'चांगला मित्र कसा असतो?' असे प्रश्न विचारले जातात. सोबत हसऱ्या, रडव्या, रागावलेल्या चेहऱ्यांची चित्रे असतात आणि मुलाने योग्य चेहऱ्यावर बोट ठेवावे, अशी अपेक्षा असते. देवाच्या शिक्षेचा धाक घालण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तथापि साहित्याचे अध्यापन करणाऱ्या आम्हांस या पद्धतीत एक उणीव जाणवते. भावनेचे नाव सांगण्याच्या घाईत ती भावना गोष्टीत कोठे आणि कोणाच्या मुखातून प्रकट होते, हे पाहायचे राहून जाते.

योसेफाची कथा पाहू. 'उत्पत्ती'च्या 37व्या अध्यायात भाऊ त्याचा झगा काढून घेतात, त्याला कोरड्या खड्ड्यात टाकतात आणि जेवायला बसतात. खड्ड्यातल्या त्या सतरा वर्षांच्या मुलाला काय वाटले, याविषयी निवेदक एक अक्षरही बोलत नाही. त्याने गयावया केली होती, हे आपल्याला कळते ते 42व्या अध्यायात, वीसएक वर्षांनंतर, धान्यासाठी मिसर देशात आलेल्या भावांच्या आपसांतील बोलण्यातून. समोरचा अधिकारी योसेफच आहे आणि त्याला आपली भाषा समजते, याची त्यांना कल्पना नसते. तो तोंड फिरवून रडतो. ज्यांनी तो आक्रोश कानांआड केला, त्यांच्याच स्मरणातून तो आपल्यापर्यंत पोहोचतो, ही या कथेची खरी ताकद आहे. खड्ड्याच्या प्रसंगीच 'योसेफ फार दुःखी झाला' असे सांगून रडवा चेहरा दाखवला, की भावांच्या पश्चात्तापाला कथेत जागाच उरत नाही.

एरिख आउअरबाख यांनी 'मायमेसिस' (1946) या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात हे वैशिष्ट्य दाखवून दिले आहे. होमर सारे काही उजेडात मांडतो. अब्राहाम व इसहाक यांच्या कथेत मात्र मनातले विचार व भावना अव्यक्त राहतात आणि त्यामुळेच कथेला खोली येते. हे विवेचन आम्ही पदव्युत्तर वर्गात शिकवतो; बालवर्गात मात्र ते विसरले जाते.

मैत्रीच्या बाबतीतही असेच घडते. आपल्याकडच्या मुलांना कृष्ण-सुदाम्याची मैत्री ठाऊक असते. तेथे मूठभर पोह्यांच्या बदल्यात दरिद्री मित्राचे भाग्य उजळते. दावीद आणि योनाथान यांची कथा वेगळ्या वळणाची आहे. योनाथान हा शौल राजाचा पुत्र. तो आपला झगा, तलवार, धनुष्य आणि कमरपट्टा दाविदाला देतो. पुढे त्याची बाजू घेतल्याबद्दल बाप त्याच्यावरच भाला फेकतो. जो मित्र आपल्या जागी राजा होणार, त्याला योनाथान बाणांची खूण करून पळून जायला मदत करतो. या मैत्रीचे तात्पर्य 'खाऊ वाटून खावा' एवढेच काढले, तर मित्रासाठी काय गमवावे लागू शकते हा प्रश्न मुलांपुढे येतच नाही.

इतक्या लहान मुलांना हे मौन पेलेल का, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला आमचे उत्तर म्हणजे चिऊ-काऊची गोष्ट. कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दारात भिजत उभा राहतो आणि चिमणी दार उघडायला वेळ लावते. कावळ्याला काय वाटले, हे कोणतीही आजी सांगत नाही. तरीही मुले त्याच्यासाठी कासावीस होतात. भाषा सोपी असावी, हे मान्यच. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेले आणि 1924 साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेले मराठी बायबल साधीसुधी माणसे, विशेषतः स्त्रिया, डोळ्यांपुढे ठेवून केलेले होते. पण सोपी भाषा वेगळी आणि सगळेच उलगडून सांगणे वेगळे.

म्हणून शिक्षकाने खड्ड्याची गोष्ट सांगून झाल्यावर भाऊ जेवत असताना त्यांना काय ऐकू येत असेल, एवढेच विचारावे आणि थांबावे. काही आठवड्यांनी मिसरचा प्रसंग आला, की मुलांना त्या प्रश्नाची आठवण करून द्यावी. वर्गात एकट्या पडलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर त्याच्या भावनेचे नाव लिहिलेले नसते. न बोललेले दुःख ओळखण्याची सवय मुलांना लागायची असेल, तर ती अशा गोष्टींतूनच लागेल.

योनाचे पुस्तक तर प्रश्नावरच संपते. निनवे नगरातील एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि तेथील गुराढोरांची मला कीव येऊ नये काय, असे देव रुसलेल्या योनाला विचारतो. योनाचे उत्तर पुस्तकात नाही. शिक्षकानेही ते देऊ नये. मुलांना देऊ द्यावे.