आपले कोण? : श्रद्धा, हृदयपरिवर्तन आणि सेवा

वैद्यक व्यवसायातील मंडळी एकत्र आली की 'सेवा' हा शब्द हमखास उच्चारला जातो. शिबिरांच्या अहवालांत तो असतो, सत्काराच्या भाषणांत असतो आणि आमच्यासारख्यांच्या लेखांत तर असतोच असतो. परंतु सेवा करणाऱ्याच्या अंतःकरणात नेमका कोणता पालट घडतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. ख्रिस्ती श्रद्धेच्या संदर्भात हा विचार मांडावा असे गेली काही वर्षे मनात आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. खजराना परिसरात व्यवसाय करताना एकीकडे गणपतीचे देऊळ व दुसरीकडे नाहरशाह वलींचा दर्गा, यांच्या आसपासच्या वस्तीतून येणारी मुले मी तपासत आलो आहे. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईने नवस कोणाला बोलला आहे, हे विचारण्याचे कारण मला कधी पडले नाही.

ख्रिस्ती श्रद्धेने मनुष्य अधिक दयाळू होतो, असे सरसकट विधान मी करणार नाही. दयाळू माणसे सर्व धर्मांत असतात आणि कोणताही धर्म न मानणाऱ्यांतही असतात. मला जे दिसते ते निराळे आहे. दया बहुतेकांच्या ठायी असते. पण तिला कुंपण असते. श्रद्धेने काही माणसांच्या बाबतीत हे कुंपणच हलवले.

पहिले उदाहरण आपल्या मराठी घरातले, पंडिता रमाबाईंचे. त्यांचे आईवडील व बहीण दुष्काळातील उपासमारीने गेले. १८८२ साली वैधव्य आले. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांची आवश्यकता आग्रहाने मांडली आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकशास्त्र शिकण्याच्या इच्छेने! बहिरेपणामुळे तो मार्ग खुंटला. आपल्या व्यवसायाची एक समर्थ सहकारी त्या दिवशी हरपली, असे मला नेहमी वाटते.

पुढे लंडनजवळ फुलहॅम येथे वाँटेजच्या जोगिणींचे काम त्यांनी पाहिले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळले जात होते. रमाबाई संस्कृत शास्त्रांच्या पंडिता. अशा स्त्रियांना शास्त्र कसे वागवते, हे त्यांना पाठ होते. या बायांची कोणी काळजी का घ्यावी, हा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तरादाखल त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्वतः विधवा असलेल्या रमाबाईंना विधवांविषयी कळवळा होताच, त्यासाठी धर्मांतराची गरज नव्हती. नवे घडले ते हे की, जिच्याविषयी कळवळा बाळगणेही अशिष्ट मानले जाई, ती स्त्री त्यांच्या कक्षेत आली. पुढे केडगावला मुक्ती सदनाच्या जोडीने अशा स्त्रियांसाठी 'कृपा सदन' उभे राहिले, त्याचे मूळ फुलहॅममध्ये आहे.

त्यांच्या धर्मांतरावर आणि शारदा सदनातील धार्मिक वातावरणावर महाराष्ट्रात किती वादळ उठले, हे सर्वज्ञात आहे. १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारख्यांनीही सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. तो आक्षेप अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. आश्रयाला आलेल्या अल्पवयीन मुलीवर आश्रयदात्याच्या श्रद्धेचा प्रभाव पडतोच आणि त्याबाबत सावध असणे योग्यच आहे. पण त्याच सदनातील गोदूबाई हिंदूच राहिल्या, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध झाल्या आणि बाया कर्वे म्हणून हिंगण्याच्या कार्यात झिजल्या, हेही विसरता येत नाही. शिवाय १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या आजच्या राज्याच्याही काही भागांत, गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. त्या मुलींसाठी त्या वेळी दुसरे कोण धावले होते, हा प्रश्न टीकाकारांना अडचणीचाच राहील.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशी घडले आहे. तरीही इंदूरच्या मराठी मंडळींत त्याची चर्चा मी फारशी ऐकलेली नाही. सिस्टर राणी मारिया या केरळमधील फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या जोगीण. १९९२ साली त्या देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे आल्या. आदिवासी कुटुंबांना सावकाराच्या कर्जातून सोडवणे, बचतगट उभारणे, बँकेचे कर्ज व सरकारी योजना त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे त्यांचे काम होते.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने या कामाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात १४ दिवस राहते, वजन वाढवून घरी जाते आणि काही महिन्यांनी पुन्हा तसेच काटकुळे होऊन येते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. आपण आईला आहार समजावून सांगतो. ती मान डोलावते. तिला समजत नाही असे नाही. सुगीचे धान्य व्याजापोटी गेलेले असते, नवरा मजुरीसाठी परगावी असतो आणि १४ दिवस केंद्रात बसल्याने तिची स्वतःची मजुरी बुडालेली असते. अशा मुलाच्या आजाराचे मूळ आतड्यात नसून सावकाराच्या वहीत असते. राणी मारिया या मुळावर उपचार करीत होत्या. हे खरे प्रतिबंधक वैद्यक!

ज्यांचे व्याज बुडाले त्यांना हे रुचले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये समंदरसिंह नावाच्या तरुणाने प्रवाशांच्या देखत त्यांच्यावर वार केले. जखमा ५० हून अधिक होत्या. त्याला जन्मठेप झाली.

त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल त्याच संघातील जोगीण. २००२ साली रक्षाबंधनाच्या सुमारास त्या इंदूरच्या कारागृहात गेल्या आणि समंदरसिंहाच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी राणी मारियांच्या कुटुंबानेच शब्द टाकला. २००६ साली तो सुटला. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या आईवडिलांच्या भेटीस गेला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना 'धन्य' म्हणून घोषित करण्यात आले.

राखी हा काही ख्रिस्ती विधी नव्हे. सेल्मी पॉल यांच्या श्रद्धेने त्यांना क्षमा करण्याची आज्ञा दिली. ती व्यक्त करण्यासाठी त्यांनी या मातीतला धागा उचलला. समंदरसिंहाला बायबलमधील वचनापेक्षा राखीचा अर्थ अधिक लवकर कळला असणार. हृदयपरिवर्तन म्हटले की आपण मारेकऱ्याच्या पश्चात्तापाकडे पाहतो. माझ्या मते अधिक कठीण परिवर्तन बहिणीचे होते. बहिणीच्या मारेकऱ्याला भाऊ म्हणणे सात वर्षांत साधले, हेच नवल.

'अशी क्षमा म्हणजे न्यायाचा पराभव नव्हे काय?' असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले होते. मला तसे वाटत नाही. न्यायालयाने आपले काम केले, ११ वर्षांचा कारावास घडला. क्षमेने शिक्षा पुसली नाही. शिक्षेनंतर माणूस उरावा एवढी सोय केली. क्षमेची सक्ती मात्र कोणत्याही पीडित कुटुंबावर कोणी करू नये. ती आतून आली तरच क्षमा.

आता आपल्याकडे वळतो. आपण दरवर्षी गावोगावी शिबिरे घेतो, औषधे वाटतो, छायाचित्रे काढतो आणि पुढच्या वर्षी निराळे गाव निवडतो. आपली दया खरी आहे. पण ती एका दिवसाची पाहुणी आहे. माझी मंडळाला सूचना अशी की, उदयनगरच्या बाजूचे एकच गाव पाच वर्षांसाठी घ्यावे. तीच मुले दर तीन महिन्यांनी तोलावीत, त्यांच्या वजनाच्या नोंदीशेजारी घरावरील कर्जाचीही नोंद ठेवावी आणि आपल्या पथकात एखादा निवृत्त बँक अधिकारी आवर्जून असावा. इंदूरच्या मराठी समाजात निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा तुटवडा नाही! पहिल्या तीन फेऱ्यांसाठी माझे नाव लिहून घ्यावे.